चोवीस गुणांची सुधारणा

ग्रंथपाल काकूंचा अंगठा चोवीस गुणांनी सुधारला, हे मीच मोजलं होतं.

दवाखान्यातल्या हाताच्या विभागात माझं काम एवढंच होतं. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा झिजलेली माणसं तिथे यायची, बहुतेक साठीच्या पुढची, त्यात बायका जास्त. त्यांना सांध्यात एक इंजेक्शन, मनगटापासून अंगठ्यापर्यंत घालायचा पट्टा आणि काही व्यायाम दिले जायचे. उपचारांच्या आधी, मग सहा आठवड्यांनी आणि मग बारा आठवड्यांनी मी प्रत्येकाला तेच वीस प्रश्न विचारायचे. गेल्या आठवड्यात बरणीचं झाकण उघडताना किती त्रास झाला? कुलपात किल्ली फिरवताना? बटणं लावताना? दर उत्तराला शून्य ते पाच. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे असह्य. सगळ्यांची बेरीज शंभर आली तर हात असून नसल्यासारखा. नंतर चिमटीचा जोर मोजायचं एक छोटं यंत्र त्यांच्या हाती द्यायचं आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा: एकंदरीत हात पूर्वीपेक्षा कसा वाटतो?

या शेवटच्या प्रश्नासाठीच आमचा सगळा अभ्यास चालला होता. दोन-तीन गुण काय, रात्री झोप नीट लागली तरी कमी होतात. किती गुण उतरले म्हणजे माणसाला स्वतःला फरक पडल्यासारखं वाटतं, तो आकडा आम्हाला हवा होता. एकसष्ट रुग्णांच्या उत्तरांवरून मी तो काढला होता, पंधरा. पंधराच्या वर उतरले तर सुधारणा खरी, खाली राहिले तर ती कागदावरची. ज्यांचे बारा आठवड्यांत पंधरा उतरत नसत, त्यांचं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत जायचं. झिजलेलं छोटं हाड काढायचं, सहा आठवडे प्लास्टर, आणि पुढे तीन-चार महिने त्या हाताने घट्ट काही धरायचं नाही.

काकू बारा आठवड्यांनी अठ्ठावन्नवरून चौतिसावर आल्या होत्या. हात कसा आहे विचारल्यावर म्हणाल्या, थोडा बरा आहे. आमच्या सर्जन मॅडम खूश झाल्या. त्यांनी काकूंचा फॉर्म माझ्यासमोर धरून सांगितलं की असे दहा जण मिळाले तर शोधनिबंध पक्का.

एकच गोष्ट जुळत नव्हती. चिमटीचा जोर सुरुवातीला दोन किलो तीनशे होता, आता दोन किलो शंभर. मी मॅडमना दाखवलं. त्यांचं म्हणणं, जोर आणि त्रास हातात हात घालून चालतातच असं नाही, कित्येकांचा जोर तसाच राहतो आणि दुखणं जातं. हे खरंही आहे. राईचा पर्वत करू नकोस, असं सांगून त्या पुढच्या रुग्णाकडे वळल्या.

मी तो केलाही नसता. पण त्या दिवशी काकू फॉर्म भरून झाल्यावर बाकावर टॅक्सीची वाट बघत बसल्या होत्या आणि सारखं घड्याळ बघत होत्या. एक वाजता मास्तरांची पिशवी होती. मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत गणित शिकवायचे. मधुमेहाने आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. आता त्यांच्या पोटात एक नळी बसवलेली होती. दिवसातून चार वेळा त्या नळीतून दोन लिटर पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी घाण घेऊन आलेलं तेच पाणी बाहेर काढायचं आणि नवी पिशवी जोडायची. हे सगळं काकू घरी करत. पहिल्या भेटीतच त्यांनी सांगितलं होतं.

बोलायचं म्हणून मी विचारलं, मास्तरांना एकटं ठेवून बाहेरून कुलूप लावून येता का?

"कुलूप कशाला? दोन महिने झाले, नुसतं दार ओढून घेते. चोर आला तर मास्तर त्याला पाढे म्हणायला लावतील."

मी हसले. हसता हसता माझी नजर हातातल्या फॉर्मवर गेली. किल्ली फिरवणे: शून्य.

"काकू, किल्लीला तुम्ही त्रास नाही म्हणालात."

"नाहीच झाला. फिरवलीच नाही, तर होईल कुठून?"

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं, जसं एखाद्या सभासदाला सांगावं की जे पुस्तक नेलंच नाही त्याला उशिराचा दंड कसा पडेल. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. बरणी? बरण्यांची झाकणं आता नुसती वर ठेवलेली असतात. बटणं? बटणांचे कपडे त्यांनी भाचीला देऊन टाकले होते. भाजी चिरणे? चिरलेली विकत येते. लिहिणे? फोन करते. भांडं एका हाताने उचलणे? लहान भांडी घेतली. वीसपैकी अकरा प्रश्नांना त्यांनी शून्य दिलं होतं आणि अकराही कामं त्या करतच नव्हत्या. एकही उत्तर खोटं नव्हतं. अंगठा बरा होत नव्हता, काकूंचं जगणं त्या अंगठ्याच्या मापाचं होत चाललं होतं. आम्ही त्याला सुधारणा म्हणत होतो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात," त्या हात पुढे करून म्हणाल्या. "माझी तर झाकतही नाही." अंगठ्याच्या मुळाशी हाड पायरीसारखं बाहेर आलं होतं.

मग मी तो प्रश्न विचारला जो त्या वीसांत नव्हता. नळी कशी जोडता?

त्यांनी आपल्या हातपिशवीची चेन बोटात न पकडता तळव्याने ओढून लावायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावर अडली. ती तशीच सोडून म्हणाल्या, "ते एक सोडता येत नाही."

"पण कसं करता?"

"तू हे लिहू नकोस."

पुढचं त्यांनी हळू आवाजात, बाकावरच्या बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं सांगितलं. पोटातल्या नळीआधी मास्तर दवाखान्यात यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायला जात. त्यांचं हृदय अशक्त. तिसऱ्या खेपेला यंत्र चालू असतानाच रक्तदाब कोसळला आणि त्यांना परत आणायला सहा मिनिटं लागली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुन्हा यंत्रावर घातलं तर कदाचित आणता येणार नाही. म्हणून ही घरची पद्धत. ती काकूंच्या हातांवर चालत होती. हात सुधारला नाही असं मी लिहिलं की त्यांचं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत. मग प्लास्टर. मग मास्तर यंत्रावर. मूलबाळ नाही, भाची परगावी. ही सगळी वाट काकूंनी आधीच चालून बघितली होती, आणि प्रत्येक वेळी ती त्याच सहा मिनिटांपाशी जाऊन थांबत होती.

मी त्यांना म्हटलं, मला एकदा बघू द्या. रुग्ण घरी कामं कशी करतो हे जाऊन बघायची सोय आमच्या अभ्यासात होती, आजवर कुणी वापरली नव्हती एवढंच. त्यांनी टॅक्सी येईपर्यंत विचार केला. मग म्हणाल्या, आधी बघ, मग लिही. शुक्रवारी ये, साडेबाराला.

मधल्या तीन दिवसांत मी त्यांचा फॉर्म नोंदीसाठी पाठवला नाही. टेबलाच्या खणात ठेवला आणि तिथे कागद आहे हे दिवसभर मला जाणवत राहिलं. अकरा शून्यांच्या जागी जे खरे असतील असे आकडे घालून मी बेरीज केली. एकसष्ट आली. म्हणजे अठ्ठावन्नपेक्षा तीन गुणांनी वाईट.

शुक्रवारी मी गेले तेव्हा दार खरोखरच नुसतं ओढलेलं होतं. ढकललं की उघडलं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली, प्रत्येकावर तारीख. आतल्या खोलीत पलंग, पलंगाजवळ पिशवी टांगायची उभी सळई, एक पत्र्याचं टेबल, हात धुवायचं बेसिन. वस्तू नेमक्या जागी ठेवलेल्या. काकूंनी तीस वर्षं पुस्तकं लावली होती, ते कळत होतं. मास्तर पलंगावर उशीला टेकून बसले होते. सडपातळ, दाढी केलेली, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. मी आत पाऊल टाकताच त्यांनी विचारलं की तपासनीस आले का.

"तपासायला नाही, बघायला आलेय, सर."

"तेच ते. शाळेतही असंच म्हणायचे."

काकूंनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. खोली एकदम बंद पेटीसारखी झाली. मला त्यांनी मास्क दिला आणि भिंतीपाशी उभं राहायला सांगितलं. स्वतः मास्क लावला, पट्टा काढला, कोपरापर्यंत हात धुतले. घड्याळ लावून दोन मिनिटं. तोवर खोलीत फक्त पाण्याचा आवाज. हवेतला, हातावरचा, श्वासातला एखादा जंतू नळीच्या उघड्या टोकाला लागला की तो सरळ पोटात जातो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण तिथे उभं राहून बघताना श्वास घ्यायचीच भीती वाटायला लागली.

नळीच्या टोकाला छोटं टोपण होतं. नव्या पिशवीच्या टोकाला एक कडी, ती ओढून काढायची. मग दोन्ही उघडी टोकं एकमेकांत घालून पिळायची. ती उघडी असतात दोन-तीन सेकंद. त्या दोन-तीन सेकंदांसाठी ही सगळी तयारी.

टोपण त्यांनी दोन बोटांच्या मधल्या भेगेत धरून फिरवलं. निघालं. नळीचं टोक तसंच धरून दुसऱ्या हाताने त्या कडीकडे गेल्या. अंगठा कडीवर ठेवला, ओढलं. सांधा आत कोसळला. डोळे मिटून घेतले त्यांनी. पुन्हा ओढलं. नळीचं टोक त्यांच्या डाव्या हातात उघडंच होतं, आणि सेकंद जात होते, चार, पाच, सहा. मग त्यांनी मनगटाने मास्क खाली ओढला, वाकल्या, आणि कडी दातांत धरून मान मागे खेचली.

कडी निघाली. तोंडापासून ते उघडं टोक चार बोटांवर होतं. त्यांनी टोकं जोडली, दोन तळव्यांमध्ये धरून पिळली, पाणी सोडायची चक्री उघडली. मास्क वर चढवताना त्याचं इलॅस्टिक कानामागे वाजलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पोटातलं पाणी नव्या पिशवीलाच जोडलेल्या, खालच्या रिकाम्या पिशवीत उतरायला लागलं. वीस मिनिटं लागतात. मास्तर छताकडे तोंड करून पडले होते.  

पाणी उतरून झालं. आता शेवटची तपासणी. बाहेर आलेलं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे बघायची साधी रीत असते. पिशवीखाली छापलेला कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर ठीक. वाचता आली नाहीत तर पोटात जंतू शिरलाय, एक तासही थांबायचं नाही. काकूंनी टेबलाखालून एक प्लास्टिकमध्ये मढवलेला कागद काढला. ओला झाला तर पुसता येतो म्हणून हा बरा, असं त्यांनी मला सांगितलं. त्यांच्या वाचनालयाच्या नियमांचा कागद होता तो, निवृत्त होताना त्यांनी आठवण म्हणून आणलेला. पिशवी त्यावर ठेवून, चष्मा लावून, मास्तरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी वाचलं.

"पुस्तक पंधरा दिवसांच्या आत परत करावे. पानांवर खुणा करू नयेत. पानाचा कोपरा दुमडू नये."

"छान," मास्तर म्हणाले.

मी वाकून बघितलं. पिशवीखाली ओळी होत्या हे मला दिसत होतं. अक्षरं दिसत नव्हती. आंघोळीनंतर आरशावर वाफ धरावी तसं काहीतरी त्यांच्यावर पसरलं होतं. मला वाटलं खोलीत उजेड कमी आहे. वाटलं, माझे डोळे. मग लक्षात आलं की तीस वर्षं हाच कागद काकूंच्या टेबलामागे भिंतीवर लावलेला असणार. तो वाचायला त्यांना डोळ्यांची गरजच नव्हती. त्यांना स्वतःलाही ते कळलं नव्हतं, इतका तो तोंडपाठ होता. मापायचं साधन असं निवडलं होतं की उत्तर आधीच ठाऊक. माझ्या वीस प्रश्नांचं तरी काय वेगळं होतं?

टेबलावर गोळ्यांचं खोकं होतं. त्यातला माहितीचा घडी घातलेला कागद मी काढला, उलगडला, नियमांचा कागद ओढून घेऊन त्या जागी सरकवला.

"काकू, हे वाचा."

त्या वाकल्या. "या गोळ्या," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला. "या गोळ्या जेवणानंतर..."

तिथे तसं काहीही लिहिलेलं नव्हतं.

"थांबलीस का?" मास्तरांनी विचारलं.

त्या आणखी वाकल्या. पिशवीला नाक लागेल इतक्या. मग हळूहळू सरळ झाल्या. "दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मला काहीच दिसत नाहीये."

 मग मास्तरांनी सांगितलं की काल सकाळपासून त्यांचं पोट दुखत होतं आणि ते गॅसवर ढकलत होते. आणि गेले दोन महिने रोज चार वेळा मास्कचं इलॅस्टिक वाजतं, हेही त्यांना ऐकू येत होतं.

"दिवसाला चार, वर्षाला एक हजार चारशे साठ," ते म्हणाले. "हजारात एकदा चुकलं तरी वर्षाला दीड वेळा. मी रोज मांडत होतो हे गणित. म्हटलं, बोललो तर ती हात टेकेल, न बोललो तर निदान पहिल्या चुकीच्या अलीकडे काही महिने आहेत."

"मला सांगितलं असतं तर," काकू म्हणाल्या.

"तू मला सांगितलंस का?"

त्या दोघांना तिथे भांडायला वेळ नव्हता. ती गढूळ पिशवी दवाखान्यात सोबत न्यावी लागते. टॅक्सीत मागच्या सीटवर ते दोघे आणि पुढे मी, मांडीवर दोन लिटरची पिशवी. ती अजून कोमट होती. माणसाच्या पोटाची ऊब माझ्या मांडीवर होती आणि दर खड्ड्याला ती हलत होती. मी ती दोन्ही हातांनी धरली होती. आरशात मला काकूंचा चेहरा दिसत होता. त्या ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

डायलिसिसच्या वॉर्डमधल्या सिस्टर मोठ्या आवाजाच्या, झपाझप चालणाऱ्या होत्या. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली आणि काही न बोलता नमुना काढला. मास्तरांना ताप होता. नव्या पिशवीत औषध घालून ती त्यांनी स्वतः जोडली. तपासणीचा आकडा तासाभराने आला, पाण्यातल्या पांढऱ्या पेशी शंभरच्या आत हव्यात त्या तेवीसशे होत्या. सिस्टरांनी आम्हाला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की पाच दिवस बघू. उतरलं नाही तर पोटातली नळी काढावी लागेल, आणि मग यंत्राशिवाय मार्ग नाही.

मग त्यांनी काकूंना विचारलं की जोडताना काही चूक होतेय का. हे त्या प्रत्येक नातेवाइकाला विचारत असणार. प्रश्न संपायच्या आधी त्या पुढचा कागद काढत होत्या. नाही म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. काकूंनी माझ्याकडे बघितलं.  तो फॉर्म अजून माझ्या खणात होता, आणि मला खरोखरच कळत नव्हतं की त्यांनी काय म्हणावं अशी माझी इच्छा आहे.

"शिकवायची पिशवी आहे का?" काकूंनी सिस्टरांना विचारलं. "दाखवते."

सिस्टरांनी सरावाची नळी आणि पिशवी आणली. व्हरांड्यातल्या बाकावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर, काकूंनी मास्क लावला, टोपण काढलं, कडीला हात घातला, एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग मास्क खाली घेतला आणि कडी दातांत धरली.

सिस्टरांचा मोठा आवाज गेला. कधीपासून, एवढंच त्यांनी विचारलं.

"दोन महिने. हात पहिल्यापेक्षा वाईट आहे," काकू म्हणाल्या. "हिला मी बरा म्हणून सांगितलं होतं."

मी त्याच संध्याकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं, त्या घाबरल्या. एकसष्ट जणांना फोन करायला सांगितलं, प्रत्येक शून्यासाठी एकच प्रश्न: हे काम गेल्या आठवड्यात केलंत का? पुढचे तीन दिवस मी फोन करत होते. एका आजोबांना कुलूप उघडायला त्रास नव्हता कारण ते दुपारनंतर बाहेरच पडत नव्हते. एक शिवणकाम करणारी बाई म्हणाली, मशीन विकलं, आता काय त्रास. एकोणीस जण असे निघाले. त्यातल्या सात जणांची नावं आम्ही शस्त्रक्रियेच्या यादीत घातली नव्हती, बरे झाले म्हणून. पंधरा हा आकडा मी ज्या कागदांवरून काढला होता त्यांच्यातला तिसरा हिस्सा पोकळ होता. मॅडमनी निबंध बाजूला ठेवला आणि फॉर्मला आणखी एक रकाना जोडला. केलंच नाही, असा.

रोज दुपारी मी वॉर्डात जायचे आणि आकडा विचारायचे. दुसऱ्या दिवशी एकोणीसशे. तिसऱ्या दिवशी अठराशे. अठराशे म्हणजे उतरले की न उतरल्यासारखे? हा तर माझाच जुना प्रश्न होता. काकू मास्तरांच्या पायाशी बसून असायच्या, हात मांडीवर उताणे. चौथ्या दिवशी औषध बदललं. पाचव्या दिवशी सिस्टर व्हरांड्यातच भेटल्या आणि म्हणाल्या, सहाशे. नळी अजून दोन दिवस ठेवू. सातव्या दिवशी ऐंशी.

ऐंशी ऐकून काकू रडल्या नाहीत. घरी गेल्यावर कोण जोडणार, एवढंच त्यांनी विचारलं. अंगठ्याची शस्त्रक्रिया करायची तर कोण, आणि नाही करायची तरी कोण.  रोज चार वेळा घरी पाठवायला सिस्टरांकडे माणूस नव्हता.

"माझे हात कुणी तपासले का?" मास्तर पलंगावरून म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे गेल्यापासून त्यांना कुणी काही करायला सांगितलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, दिसत नसताना उघडं टोक टोकाला जोडायचं म्हणजे थट्टा नाही. मास्तर म्हणाले, थट्टा कोण करतंय, आंधळं दळतं तेव्हा पीठ कोण खातं त्यावर नजर ठेवायला ही आहे ना. मी खिशातलं जोर मोजायचं यंत्र काढून त्यांच्या चिमटीत दिलं. सात किलो. चाळीस वर्षं खडू धरलेले हात होते ते.

दोन दिवस त्यांनी सरावाच्या नळीवर केलं. पहिल्या वीसांत आठ वेळा टोक कडेला लागलं. पुढच्या वीसांत तीन वेळा. तिसऱ्या वीसांत एकदा. वीसात एक म्हणजे हजारात पन्नास, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि आणखी चाळीस केले. त्यात एकही नाही. पण चाळीसांत शून्य म्हणजे हजारात शून्य नव्हे, हे ते जाणत होते आणि मीही. सिस्टरांनी डॉक्टरांशी बोलून एका खऱ्या पिशवीला परवानगी दिली. 

खोलीचा पंखा बंद केला. खिडक्या लावल्या. सिस्टर, मी, काकू, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मास्तरांनी हात धुतले, मनात आकडे मोजत. टोपण काढलं. कडी एका झटक्यात ओढली. त्यांच्या डाव्या हातात पोटातली नळी, उजव्या हातात पिशवीचं टोक, दोन्ही उघडी, मध्ये एक वीतभर हवा.

काकू पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले होते, मदतीला पुढे येऊ नयेत म्हणून. दुखत असणार. आवाज मात्र स्थिर होता.

"उजवा जरा वर," त्या म्हणाल्या. "अजून. आता डावीकडे, तांदळाएवढं. नाही, जास्त झालं. मागे ये."

मास्तरांचा हात हवेत थांबला. त्यांच्या कपाळावरचा घामाचा थेंब भुवईपर्यंत आला आणि मला दिसलं की तो खाली आला तर सरळ नळीवर पडेल. सिस्टरांनाही दिसला. कुणी हललं नाही.

"तिथेच," काकू म्हणाल्या. "आता सरळ पुढे. घाबरू नकोस, मी बघतेय."